लाँगराव, तुम्ही नक्की किती बाइटांचे?

रा. रा. लाँगराव यांस,
मुक्काम सी भाषा, पोस्ट हेडर फाइल, जिल्हा कंपायलर नेईल तो.



पत्र खुलं लिहितो आहे. बंद पाकिटात घातलं असतं आणि तुम्ही नेमके विंडोजवर मुक्कामाला असता, तर त्यातलं निम्मंच तुमच्या हाती लागलं असतं. बाकीचं कुठे गेलं याचा पत्ता ना मला लागता, ना तुम्हाला.

तुमची ख्याती मोठी आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. सी भाषेत ज्याला इंटपेक्षा मोठा पूर्णांक हवा असतो, तो गेली जवळपास पन्नास वर्षं तुमच्याच दारात येतो. तुम्हीही कुणाला विन्मुख पाठवत नाही. ‘या, मावाल,’ म्हणता. मावला तर ठीकच. नाही मावला तर वरचे बिट छाटून उरलेला ऐवज निमूट ठेवून घेता. आरडाओरडा नाही, क्रॅश नाही, साधं खाकरणंसुद्धा नाही. कंपायलरकडे वॉर्निंगची सोय असते म्हणे, पण ती बहुतेकदा मागून घ्यावी लागते, आणि मागणारे किती असतात हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. एका ओळीचा प्रोग्रॅम घेऊ. साइझऑफ लावून तुमची रुंदी बाइटांत छापायची, एवढंच त्याचं काम. लॅपटॉप एक. प्रोसेसर एक, ६४ बिटांचा. वर ६४ बिटांचं विंडोज. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधला तर उत्तर येतं ४. मिनजीडब्ल्यूने बांधला तरी ४. त्याच विंडोजवर ६४ बिटांचं सिगविन टाकून त्याच्या जीसीसीने बांधला की ८. डब्ल्यूएसएलमधल्या उबंटूत गेलो की ८. तिथेच जीसीसीला ‘-एम३२’ हा पर्याय जोडला की पुन्हा ४. प्रोसेसर बदलला नाही, रॅम बदलली नाही, लॅपटॉपचं झाकणसुद्धा मिटलं नाही. लाँगराव, देश तसा वेश हे आम्हाला समजतं. पण इथे देशही तोच होता.

तरीही तुमच्याविषयी कॉलेजात काय शिकवतात ठाऊक आहे? प्रोसेसरचा वर्ड ६४ बिटांचा, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम ६४ बिटांची, म्हणून कंपायलर ६४ बिटांचा, म्हणून लाँग ६४ बिटांचा. अशी सरळ वंशावळ. ती तुम्ही स्वतः पसरवली असा माझा आरोप नाही. तुम्ही फक्त ती कधी खोडून काढली नाही. मोठ्या घरचं म्हणून कुणी ओळख करून देत असेल, तर मध्येच ‘नाही हो’ म्हणायला मोठं मन लागतं.

म्हणून प्रोसेसरलाच साक्षीला बोलावू. तो म्हणतो, माझी रजिस्टरं ६४ बिटांची आहेत, एका फटक्यात ६४ बिटांची बेरीज करतो, इथपर्यंत खरं. पण ६४ हा आकडा माझ्या अंगावर सगळीकडे कोरलेला नाही. एएमडीने २००३ साली ऑप्टेरॉन बाजारात आणला, तेव्हा पत्ते ठेवायला ६४ बिट दिले आणि त्यांतले ४८च कामाला लावले. तेवढ्यातही २५६ टेराबाइट मावतात, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. त्याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. ६४ बिटांच्या मोडमध्ये साध्या बेरजेची सूचना आली, तर हा प्रोसेसर ती ३२ बिटांचीच धरतो. ६४ बिटांची हवी असेल तर सूचनेच्या आधी रेक्स नावाचा एक जादा बाइट जोडावा लागतो. म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही मोठेपणा मिरवता, तो स्वतः खास सांगितल्याशिवाय ३२ बिटांतच काम उरकतो.

आणि वर्ड? त्याचीही तीच कथा. इंटेलच्या मॅन्युअलात वर्ड आजही १६ बिटांचा आहे, कारण १९७८ चा ८०८६ तेवढा होता. १९८५ साली ८०३८६ ने रजिस्टरं ३२ बिटांची केली, तेव्हा जुन्या वर्डला कुणी हात लावला नाही; ३२ बिटांना डबलवर्ड म्हटलं, पुढे ६४ आले त्यांना क्वाडवर्ड. एआरएमच्या घरी वर्ड ३२ बिटांचा, मग तुमच्या फोनमधला प्रोसेसर ६४ बिटांचा का असेना. जीएनयू असेंब्लरला ‘डॉट वर्ड’ लिहून दिलं, तर तो एक्स८६ वर दोन बाइट टाकतो आणि एआरएमवर चार. डेक कंपनीचा १९९२ चा अल्फा हा तर अंगापिंडाने ६४ बिटांचा प्रोसेसर. पण त्याच्या दप्तरी वर्ड १६ बिटांचाच राहिला, कारण डेकच्याच जुन्या पीडीपी-११ पासूनचं दप्तर तसंच पुढे चालवलेलं होतं. प्रोसेसर निर्दोष. त्याला जाऊ दे.

तुमचं बालपण मात्र कष्टात गेलं, हे लिहिल्यावाचून पुढे जाणं अन्यायाचं होईल. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी घडवत होते, तेव्हा समोर पीडीपी-११ होतं, १६ बिटांचं. इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे मजल नाही. फाइलीत पुढे सरकायचं तर ‘सीक’ला १६ बिटांत जेवढं अंतर सांगता येईल तेवढंच. म्हणून फाइल मोठी असली की आधी ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांनी उड्या मारायच्या, मग सुटे बाइट मोजत जायचं. वेळ तर एका इंटमध्ये मावतच नव्हती. दोन इंटांचा ॲरे द्यायचा आणि त्यात ‘टाइम’ फंक्शनने वेळ भरून द्यायची. आजही ते फंक्शन कंसात एक पत्ता मागतं आणि आजची पोरं त्याला निमूटपणे नल देतात, ते त्या काळाचं उरलेलं देणं आहे. १९७३ नंतरच्या काही वर्षांत तुम्ही भाषेत आलात आणि ही सगळी ओढाताण थांबली. ‘सीक’चं ‘एलसीक’ झालं. त्यातला एल तुमचा. पीडीपी-११ कडे ३२ बिटांचं रजिस्टरच नव्हतं, म्हणून कंपायलर दोन रजिस्टरं जोडून तुम्हाला उचलायचा.

हे जरा नीट ऐका, लाँगराव. जन्माला आलात तेव्हाच तुम्ही प्रोसेसरच्या वर्डच्या दुप्पट होता. मशीनच्या वर्डशी तुमचं नातं पहिल्या दिवसापासून नव्हतं. मग कुणाच्या नावावर इतकी वर्षं उधारी चालवलीत?

१९७८ साली कर्निगहॅन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं. त्यात चार मशीनांचा तक्ता आहे. पीडीपी-११ वर इंट १६ आणि तुम्ही ३२. आयबीएम ३७० आणि इंटरडेटा ८/३२ वर दोघेही ३२. हनीवेल ६००० वर शॉर्ट, इंट, लाँग असे तिघेही ३६ बिटांचे, आणि कॅरॅक्टर चक्क ९ बिटांचा. आज ३६ हा आकडा वाचून हसू येतं, पण त्या काळी वर्डच्या रुंदीला धरबंध नव्हता. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला, त्याचा वर्ड ४० बिटांचा. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० आलं, त्याचा ४८ बिटांचा. सीडीसीच्याच ६६०० चा ६० बिटांचा. आठ बिटांचा बाइट आणि त्यावर बेतलेले वर्ड सर्रास दिसू लागले ते आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केल्यानंतर, आणि तेही हळूहळू. अशा जगात तुमची रुंदी ठाम लिहून ठेवायची तर कुणाचं ना कुणाचं मशीन भाषेबाहेर पडलं असतं. म्हणून १९८९ च्या एएनएसआय प्रमाणात तुमच्याबद्दल एवढंच आलं : किमान ३२ बिट. वर किती, ते ज्याचं त्याने बघावं.

त्या ‘किमान’च्या जिवावर तुम्ही जन्म काढलात.

मधल्या काळात तुम्हाला लाडावलं ते व्हॅक्स या ३२ बिटांच्या मशीनने. तिथे इंट ३२, लाँग ३२, पॉइंटर ३२. कशातही काहीही ठेवा, सगळं मावतं. पॉइंटर लाँगमध्ये, लाँग इंटमध्ये, कुणी विचारणारं नाही. पाठोपाठ आलेल्या ३२ बिटांच्या वर्कस्टेशनांवर आणि ३८६ वर तेच चाललं. प्रोग्रॅमरांची एक अख्खी पिढी हीच सृष्टीची मूळ रचना समजून मोठी झाली. मग ६४ बिट आले आणि प्रश्न पडला : या भावंडांपैकी कुणाला वाढवायचं?

इंटला वाढवलं तर सगळीकडचे ॲरे दुपटीने फुगणार. शिवाय इंट ६४ बिटांचा झाला तर खाली फक्त शॉर्ट आणि कॅरॅक्टर उरतात. १६ आणि ३२ या दोन्ही रुंदींना मिळून एकटा शॉर्ट. म्हणून इंटला बहुतेकांनी ३२ वरच ठेवलं, आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळल्या.

युनिक्सवाल्या कंपन्यांनी नव्वदच्या दशकात आपसांत बसून ठरवलं, लाँग आणि पॉइंटर दोघेही ६४. या तहाचं नाव एलपी६४. लिनक्स, मॅक, ६४ बिटांचा अँड्रॉइड, सगळे त्याच वाटेने गेले. मायक्रोसॉफ्टने मात्र फक्त पॉइंटर वाढवले आणि तुम्हाला ३२ वरच ठेवलं. हा एलएलपी६४. त्यामागचं कारण मला पटत नाही, पण समजतं. विंडोजमध्ये बिटमॅप चित्राच्या फाइलीला ४० बाइटांचा एक हेडर असतो. त्यात चित्राची रुंदी आणि उंची लाँगमध्ये ठेवलेली. लाँग एका रात्रीत ८ बाइटांचा झाला असता तर नव्याने कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला तो हेडर ४० बाइटांचा दिसलाच नसता, आणि लोकांच्या डिस्कवर पडलेली लग्नामुंजीची चित्रं वाचताना रुंदीच्या जागी भलतेच बाइट वाचले गेले असते. तेव्हा जुन्या कोडची काळजी घेणाऱ्यांनी तुम्हाला जागच्या जागी गोठवलं.

त्या गोठवण्यातून जे विनोद घडले, त्यांत तुमचा वाटा मोठा आहे. विंडोजमध्ये ‘गेटविंडोलाँग’ नावाचं फंक्शन होतं. लोक त्यातून पॉइंटर काढून घ्यायचे. पॉइंटर वाढले, तुम्ही नाही वाढलात. मग ‘गेटविंडोलाँगपॉइंटर’ हे दुसरं फंक्शन काढावं लागलं, आणि त्यासाठी ‘लाँग_पीटीआर’ नावाचा टाइप, जो ६४ बिटांच्या विंडोजवर ६४ बिटांचा असतो. म्हणजे एकाच हेडर फाइलीत ‘लाँग’ ३२ बिटांचा, ‘लाँग_पीटीआर’ ६४ बिटांचा, ‘वर्ड’ १६ बिटांचा. आणि डब्ल्यूपॅरॅम, जो १६ बिटांच्या विंडोजमध्ये वर्डएवढा होता म्हणून त्याच्या नावात डब्ल्यू आला, तो आता ६४ बिटांचा. नव्या माणसाला हे समजावून सांगताना आपणच खोटं बोलतोय असं वाटतं.

ब्रिटिश अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्तच. दोन्हीकडे मण तो मणच. पण अडत्याला निदान आपण कुठल्या बाजारात उभे आहोत हे दिसत होतं. तुमचा व्यवहार त्याहून बेमालूम. कोड एका बाजारात लिहितात, दुसऱ्यात कंपाइल होतो, तिसऱ्यात चालतो, आणि पावतीवर सगळीकडे नुसतं ‘लाँग’.

आता नुकसानीचा पंचनामा. कुठल्याही वर्कशॉपातल्या मालाच्या नोंदीची फाइल समोर धरा. एका नोंदीत दोनच रकाने : वस्तूचा क्रमांक, तो लाँग, आणि नग किती, ते इंट. लिनक्सवर प्रोग्रॅम लिहिला, स्ट्रक्चर जसंच्या तसं एफराइटने फाइलीत उतरवलं. तिथे तुम्ही ८ बाइट, नग ४ बाइट, आणि पुढची नोंद नीट रांगेत यावी म्हणून कंपायलरने भरीला घातलेले ४. एकूण १६. क्रमांक १००१ चे २५ नग, १००२ चे ४० नग. ही फाइल विंडोजवर नेऊन त्याच सोर्स कोडने, एक अक्षर न बदलता, वाचा. इथे तुम्ही ४ बाइट, नग ४, नोंद ८ बाइटांची. भरीचे बाइट शून्य होते असं धरलं तर पडद्यावर काय येतं? क्रमांक १००१, नग ०. क्रमांक २५, नग ०. क्रमांक १००२, नग ०. क्रमांक ४०, नग ०. दोन नोंदींच्या चार झाल्या, गोदाम रिकामं झालं, आणि २५ व ४० या क्रमांकांच्या दोन वस्तू आकाशातून पडल्या. फाइल शाबूत आहे. कोडमध्ये चूक सापडत नाही. आता स्टोअरकीपर आणि प्रोग्रॅमर एकमेकांकडे बघत बसणार, आणि तुम्ही कानावर हात ठेवून नामानिराळे.

पॉइंटरचं तर विचारूच नका. लिनक्सच्या कर्नलमध्ये पत्ता अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवायची जुनी रीत आहे आणि तिथे ती बिनबोभाट चालते. तीच सवय घेऊन कुणी विंडोजवर आला की पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. यातला खोडसाळपणा असा की पत्ते पहिल्या चार जीबीत असेपर्यंत काहीच बिघडत नाही. टेबलावर चाचणी पास. ग्राहकाकडे डेटा वाढला, मेमरी वर सरकली, की मग क्रॅश. तोही, पत्ता जिथे कापला गेला तिथे न होता, तिसऱ्याच फंक्शनमध्ये.

तुम्हाला वाटेल ही जुन्या सीवाल्यांची रडगाणी आहेत. मग पायथनकडे येऊ. नमपाय ही लायब्ररी पूर्णांकांचा ॲरे बनवताना मुळात तुमचीच रुंदी धरायची. परिणाम असा, की सरांच्या लिनक्सवर ५०,००० चा वर्ग २५० कोटी यायचा आणि विद्यार्थ्याच्या विंडोज लॅपटॉपवर उणे १,७९,४९,६७,२९६. पोरगं बिचारं सी शिकलेलंसुद्धा नाही! त्याने तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही, आणि त्याच्या सरासरीचा आणि आलेखाचा चुराडा करणारे तुम्ही. २०२४ च्या जूनमध्ये नमपाय २.० आलं, तेव्हा कुठे ६४ बिटांच्या विंडोजवर हा ॲरे तुमच्या तावडीतून सुटला.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांशी तुमचा घरोबा तर जुनाच. टर्बो सीची ती निळी स्क्रीन आठवते? डॉसचा, १६ बिटांचा कंपायलर. मशीनं ३२ आणि मग ६४ बिटांची झाली तरी लॅबमध्ये डॉसबॉक्सच्या आधाराने तग धरून होता. फॅक्टोरियलचं प्रॅक्टिकल. इंट २ बाइटांचा, म्हणून ७ पर्यंत ठीक, ८ चं उत्तर ४०,३२० यायच्या ऐवजी उणे २५,२१६. फॅक्टोरियल उणे कसं, म्हणून पोरगं दचकायचं, सरांकडे जायचं. सर म्हणायचे, ‘अरे, इंटच्या जागी लाँग लिही.’ लिहिलं की चाललं. १२ पर्यंत अगदी बरोबर. मग १३. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८००. तुम्ही दिलेलं १,९३,२०,५३,५०४. लाँगराव, हे मात्र मानलं पाहिजे. आकडा भलामोठा, धन, दिसायला सज्जन. उणे चिन्ह दिलं असतं तर निदान संशय आला असता. जर्नलमध्ये उतरला, त्यावर सही झाली, एक्स्टर्नललाही खटकला नाही. आज मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर तोच प्रोग्रॅम चालवला तर हाच आकडा येतो. लिनक्सवर खरा येतो, आणि मग २१ ला गाडी तशीच घसरते.

एका गुन्ह्यात तुम्ही थेट आरोपी नाही, पण चोरीचा माल तुमच्याच घरात सापडला. आर्डुइनो उनो. आठ बिटांचा प्रोसेसर, इंट १६, तुम्ही ३२. कुणीतरी टाकीवरचा पंप एक मिनिट चालू ठेवायला बसवतो. ‘डिले’ला मिलिसेकंद द्यायचे असतात, म्हणून तो लिहितो ६० गुणिले १०००. दोन्ही आकडे इंट, म्हणून गुणाकार इंटमध्येच होतो. ६०,००० तिथे मावत नाहीत, हाती येतात उणे ५,५३६. हे उणे ऋण घेऊन तो ‘डिले’च्या दारात येतो. तिथे अनसाइन्ड लाँगच्या वेषात तुम्ही बसलेले. तुम्हाला उणे काय ते ठाऊकच नाही, म्हणून तुम्ही ते वाचता ४,२९,४९,६१,७६०. पंप चालू होतो आणि एका मिनिटाऐवजी साधारण ४९.७ दिवसांनी बंद होणार असतो. सॉफ्टवेअरमध्ये वॉर्निंग दाखवायचा पर्याय आहे, पण तो सुरुवातीला बंद असतो. साठाच्या पुढे यूएल ही दोन अक्षरं जोडली असती तर पाणी खालच्या मजल्यावर गेलं नसतं. पण ती जोडावी लागतात हे त्याला कोण सांगणार? तुम्ही तर बोलत नाही.

२०३८ सालाचा विषय मी लांबवत नाही. त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. ३२ बिटांच्या युनिक्सात वेळ तुमच्याकडे ठेवायला दिली, आणि तुमची झोळी १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. नंतरच्या सेकंदाला तुम्ही लोकांना १९०१ सालच्या डिसेंबरात नेऊन सोडणार. लिनक्सच्या मंडळींना ३२ बिटांच्या मशीनांसाठी वर्षानुवर्षं कर्नल आणि लायब्रऱ्या उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने, तुम्हाला ३२ वर ठेवूनसुद्धा, २००५ च्या व्हिज्युअल सीपासून वेळ तुमच्याकडून काढून घेतली. तुमच्यावर विश्वास नाही हे त्यांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलं.

तुमच्या नावाचे दुसरे लोक शिस्तीत आहेत, म्हणून जास्त चीड येते. जावातला लाँग १९९६ पासून ६४ बिटांचा. मोबाइल असो, सर्व्हर असो, स्मार्ट कार्डवर जिथे लाँगची सोयच नाही ते सोडून, दुसरा आकडा नाही. सी-शार्पमधलाही ६४. उलट तुमच्यामुळे त्यांची पंचाईत. सी-शार्पमधून सीची लायब्ररी बोलवायची तर समोरचे तुम्ही ४ बाइटांचे निघाल की ८, हे आधी सांगता येत नाही. म्हणून डॉटनेट ६ मध्ये खास तुमच्यासाठी ‘सीलाँग’ नावाचा निराळा टाइप बनवावा लागला. जिथे चालेल तिथल्यासारखा वागेल, असा. पाहुण्याच्या लहरीसाठी यजमानाने वेगळी खोली बांधली.

तुमच्या धाकट्या भावाने, लाँग लाँगने, १९९९ च्या प्रमाणात किमान ६४ बिटांची हमी दिली आणि आजवर बहुतेक सगळीकडे नेमका ६४ राहिला. त्याच वर्षी ‘इंट३२_टी’, ‘इंट६४_टी’ ही मंडळीही आली, ज्यांच्या नावातच रुंदी लिहिलेली. पत्ता ठेवायचा असेल तर ‘इंटपीटीआर_टी’. इलाज पंचवीस वर्षांपूर्वी शेल्फवर होता, हे खरं. पण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरबरोबर ती हेडर फाइल २०१० पर्यंत येत नव्हती, आणि तोवर प्रत्येक टीमने आपापली नावं पाडून घेतली होती. आजही जुना कोड उघडला की एकाच प्रकल्पात ३२ बिटांच्या पूर्णांकाला चार नावं सापडतात, आणि त्यांतल्या एकाच्या मागे, टाइपडेफच्या आडून, तुम्ही डोकावत असता.

माझं म्हणणं थोडक्यात असं होतं, की तुम्हाला नव्या कोडमधून बाहेर काढावं. बसून यादी करू लागलो. आमच्या स्ट्रक्चरांमधून काढता आलं. फाइलींमधून काढता आलं. मग प्रमाण लायब्ररीकडे वळलो, तर तिथे तुमचा सातबारा. मजकुरातून आकडा काढणारं ‘एसटीआरटीओएल’ उत्तर तुमच्यात देतं. फाइलीत आपण कुठे आहोत हे सांगणारं ‘एफटेल’ तुमच्यातच बोलतं. म्हणून विंडोजवर दोन जीबीच्या पुढची जागा त्याला सांगताच येत नाही आणि वेगळं फंक्शन हाताशी धरावं लागतं. ‘एफसीक’ही तुमचंच. ही नावं प्रमाणात आहेत, त्यांच्या सह्या बदलल्या तर जगातला निम्मा जुना कोड कंपाइल व्हायचा नाही. तेव्हा हकालपट्टीचा अर्ज मी मागे घेतो आणि त्याऐवजी साधी नोटीस देतो : आमच्या दारातून आत येताना रुंदी तपासली जाईल, ४ किंवा ८, जी असेल ती, आणि ती अपेक्षेबाहेर निघाली तर स्टॅटिक असर्ट कंपाइल तिथेच थांबवेल. रात्री-अपरात्री आलात तरी.

कळावे. लोभ असावा, पण ‘किमान’ नको. किती ते नक्की सांगा.

आपला,
तुमच्या वतीने बग रिपोर्टांना उत्तरं देणारा

ता. क. : उत्तर पाठवायचं झालं तर साध्या मजकुरात पाठवा. बायनरी फाइल नको. आमच्याकडे विंडोजही आहे आणि लिनक्सही.